मुंबईच्या गडबडीत एका कामावर लक्ष कसं टिकवायचं

डोंबिवलीहून सकाळी निघणाऱ्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा मिळालेली एखादी बाई मेथीची जुडी निवडत असते. तोंडाने शेजारणीशी मुलाच्या क्लासच्या फीबद्दल बोलणं चालू, हातांनी काड्या एका पिशवीत, पानं दुसऱ्या पिशवीत. घाटकोपर येईपर्यंत जुडी संपते आणि एकही काडी पानांत जात नाही. हीच बाई अकरा वाजता फोर्टच्या ऑफिसात खरेदीची बिलं जुळवायला बसते. मधेच फोन वाजतो, ग्रुपवर मेसेज येतो, साहेब "जरा ते व्हाउचर बघा" म्हणतात, आणि दुपारी लक्षात येतं की एकच बिल दोनदा धरलं गेलंय. गाडीत सहज जमलेलं ऑफिसात का फसलं, हे कळलं तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

मेथी निवडायला हातांना डोक्याला विचारावं लागत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते आपोआप होतं, त्यामुळे डोकं गप्पांसाठी मोकळं राहतं. बिल जुळवणं आणि मेसेजला उत्तर देणं या दोन्हींना मात्र डोकं लागतं, आणि ते एका वेळी एकालाच मिळतं. दोन्ही एकत्र चाललंय असं वाटतं तेव्हा मन इकडून तिकडे उड्या मारत असतं, आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ आणि थोडी अचूकता जाते. आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ सालीच हे मोजलं होतं. एकाच प्रकारची कामं सलग उरकायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा तीच कामं आलटूनपालटून केली की जास्त लागतो. काम जितकं किचकट तितका हा तोटा मोठा, असं रुबिनस्टाइन, मायर आणि इव्हान्स यांच्या २००१ सालच्या प्रयोगांत दिसलं. सोफी लेरॉय यांनी २००९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. पहिलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, आणि त्याचा फटका दुसऱ्या कामाला बसतो.

"पण मला जमतं" म्हणणारे प्रत्येक ऑफिसात असतात. वॉटसन आणि स्ट्रेअर या संशोधकांनी २०१० साली २०० जणांना गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर बसवून वर फोनवर डोकं चालवायला लावलं. दोन्ही कामं कुठेही न घसरता करणारे निघाले अडीच टक्के. म्हणजे पाच जण. आपण त्या पाचांतलेच, असं मानण्याचा हक्क सगळ्यांना आहे.

इथे कुणीतरी अष्टावधानी, शतावधानी म्हणजे एकाच बैठकीत आठ किंवा शंभर गोष्टींवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांचा दाखला देतंच. तो द्यावाही, कारण ही गोष्ट मुंबईतच घडलेली आहे. जैन तत्त्वचिंतक श्रीमद राजचंद्र यांनी १८८७ साली, विशीच्या आत असताना, धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला होता. पण अवधानात काय चालतं ते नीट पाहा. प्रश्न विचारणारे आपापल्या पाळीने तुकड्यातुकड्याने प्रश्न देतात, अवधानी प्रत्येक तुकडा मनात ठरलेल्या जागी ठेवतो आणि पुन्हा त्या धाग्याकडे वळतो तेव्हा तो जिथे सोडला होता तिथूनच उचलतो. त्यात एका वेळी एकच प्रश्न असतो. कमाल आहे ती नेमकं परत येण्याची. राजचंद्रांनी ते प्रयोग पुढे लवकरच सोडूनही दिले.

आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे. मुंबईत अडथळे बंद होणार नाहीत. वन बीएचकेमध्ये चार माणसं, खाली गणपतीची नाहीतर नवरात्रीची तालीम, शेजारी रिडेव्हलपमेंटची ड्रिल मशीन आणि हातात फोन. "शांत खोली शोधा, दार लावा" हे सल्ले ज्यांच्याकडे जादा खोली आहे त्यांच्यासाठी. आपण दोन गोष्टी करू शकतो: फुकटचे अडथळे कमी करणं, आणि उरलेल्यांनंतर कामावर परत यायचा रस्ता छोटा करणं. दुसऱ्या गोष्टीकडे कुणी फारसं बघत नाही आणि खरी कमाई तिथेच आहे. म्हणून तिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

जाता जाता एक खटला निकाली काढू. "माणसाचं लक्ष आता आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी" हे वाक्य तुम्हाला शंभरदा फॉरवर्ड झालं असेल. ते २०१५ सालच्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालातून पसरलं. बीबीसीने पुढे त्या आकड्याचा माग काढला तेव्हा त्यामागे कुठलंच भक्कम संशोधन सापडलं नाही. ज्यांना आठ सेकंदांपलीकडे लक्ष देता येत नाही ती माणसं वानखेडेवर अख्खी मॅच बघत नसती. खऱ्या मोजमापाचा आकडा वेगळा आहे. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी लोक एका स्क्रीनवर किती वेळ थांबतात ते मोजलं. २००४ साली सरासरी अडीच मिनिटं होती, २०१२ साली सव्वा मिनिट, आणि त्यानंतरच्या मोजणीत सुमारे ४७ सेकंद. ही कुवत आटल्याची खूण नाही, सवय बदलल्याची आहे, आणि सवय पुन्हा बदलता येते.

पायरी १: तीन दिवस नुसती नोंद

आधी काही बदलू नका. एक कागद चार घड्या घालून खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. डोक्याचं काम चालू असताना ते सुटलं की वेळ लिहा आणि पुढे एक अक्षर. कुणी हाक मारली, फोन आला, बेल वाजली तर 'बा', म्हणजे बाहेरून. कुणीही काही न करता तुम्हीच फोन उचललात, दुसरी खिडकी उघडलीत, उगाच पाणी प्यायला उठलात तर 'मी'. नोंदीसाठी ॲप वापरू नका. नोंद करायला फोन उघडला की तिथेच दहा मिनिटं जातात.

चौथ्या दिवशी कागद पसरून बसा. बहुतेकांना 'बा'चा डोंगर दिसेल असं वाटत असतं. मार्क यांच्या निरीक्षणांत मात्र जवळपास निम्मे अडथळे माणसाने स्वतःच आणलेले होते. अडथळा कुणाचा आहे त्यावर उपाय ठरतो. 'मी' जास्त असतील तर फोनची पायरी आधी घ्या, 'बा' जास्त असतील तर माणसांची. आणि दिवसातला कुठला तास सर्वांत कमी तुटतो तेही बघून ठेवा. प्रत्येकाकडे असा एखादा असतोच. कुणाचा ऑफिस भरण्याआधीचा, कुणाचा नवरा आणि मुलं गेल्यावर बाई येण्याआधीचा.

पायरी २: कोणतं काम कोणाबरोबर चालेल

दिवसाच्या कामांच्या यादीत प्रत्येकापुढे 'हात' किंवा 'डोकं' लिहा. हात अधिक डोकं ही जोडी चालते: इस्त्री करताना आईशी फोन, भांडी लावताना रेडिओ, चालताना एखाद्या अडचणीचा विचार. डोकं अधिक डोकं कधीच चालत नाही. मीटिंगमध्ये मेल लिहिणारा मीटिंगही ऐकत नाही आणि मेलही धड लिहीत नाही. मुलाचा गणिताचा अभ्यास घेता घेता ऑफिसला उत्तर देणाऱ्या बापाचं तेच.

दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे गाणी. वाचताना किंवा लिहिताना कळणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडले की लक्षात ठेवण्याचं काम बिघडतं. नुसतं वाद्य किंवा पंख्याचा आवाज एवढं छळत नाही. म्हणून टॅली करताना मराठी भावगीतं नकोत, बासरी चालेल. दुसरं म्हणजे स्वयंपाक. रोजचं वरण-भात हाताचं काम आहे, पण पहिल्यांदा करत असलेले उकडीचे मोदक पूर्ण डोक्याचं. आणि दूध तापत ठेवून रील बघणं ही जोडी कुणालाच जमलेली नाही.

गाडी चालवणं हे हाताचं काम वाटतं, तसं ते नाही. यूटा विद्यापीठातल्या २००१ सालच्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांचं सिग्नल चुकवण्याचं प्रमाण वाढलं, आणि फोन हातात धरलेला असो की हॅण्ड्सफ्री, त्याने फरक पडला नाही. कायद्याचं बोट हातात धरलेल्या फोनवर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीपासून तो धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. तुमचं लक्ष मात्र दोन्हीकडे सारखंच जातं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ब्लूटूथवरून क्लायंटशी दर ठरवू नका.

पायरी ३: उठण्याआधी खूण करा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढीच पायरी करा.

एक उदाहरण जवळून पाहू. सीएच्या ऑफिसात एक मुलगी बसली आहे. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी (माल विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं आणि २० तारखेपर्यंत ३बी हे कराचं विवरणपत्र भरायचं असतं, म्हणजे मधले सहा दिवस तिच्या डोक्यावर. तिच्यासमोर एका बाजूला २बी, दुसऱ्या बाजूला क्लायंटचं खरेदी रजिस्टर. ती २१४ व्या ओळीवर आहे. भिवंडीच्या एका व्यापाऱ्याच्या बिलात करात १,८०० रुपयांचा फरक येतोय. दर १८ टक्के, म्हणजे १०,००० रुपयांची क्रेडिट नोट (विकणाऱ्याने बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) कुठेतरी असणार असं तिच्या मनात आत्ताच चमकलंय. बहुधा मागच्या महिन्यातली. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजतो.

ती तशीच फोन उचलते तेव्हा काय होतं? ऑल्टमन, ट्रॅफ्टन आणि हॅम्ब्रिक यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात फक्त २.८ सेकंदांच्या व्यत्ययाने पायऱ्यापायऱ्यांच्या कामातल्या क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या, ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाने तिप्पट. हिचा फोन चार मिनिटं चालतो. परत आल्यावर २१४ वी ओळ समोर दिसते, कारण कर्सर तिथेच आहे. तो क्रेडिट नोटचा अंदाज मात्र कर्सरमध्ये नव्हता, डोक्यात होता. ती पुन्हा २०५ पासून सुरू करते. किंवा वैतागून ती ओळ 'नंतर बघू'मध्ये टाकते, आणि १९ तारखेला रात्री तीच ओळ पुन्हा समोर येते.

आता तिच्या कीबोर्डशेजारी एक चिठ्ठ्यांचं पॅड आहे असं समजा. फोन वाजतोय. ती दुसरी रिंग पूर्ण होऊ देते आणि लिहिते: "२१४ भिवंडी, १८०० फरक, १० ह. क्रे. नोट? मागचा महिना बघ." मग फोन. चार मिनिटांनी परत आली की चिठ्ठी वाचते आणि थेट मागच्या महिन्याचं रजिस्टर उघडते.

चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात: कुठे होतो, मनात काय चाललं होतं, आणि परत आल्यावर पहिली हालचाल कोणती. लोक पहिली लिहितात, उरलेल्या दोन विसरतात. शेवटची सर्वांत कामाची. लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ साली अशीच छोटी 'परत येण्याची योजना' करायला सांगून पाहिलं. ज्यांनी ती केली त्यांचं मन मधल्या कामात असताना मागे कमी रेंगाळलं. म्हणजे चिठ्ठीने परतीची वाट सोपी होते आणि तो मधला फोनही नीट ऐकला जातो.

काम कुठलंही असो, खूण जमते. पेपर तपासणाऱ्या बाई अर्धवट उत्तराच्या समासात पेन्सिलने तोवरचे गुण लिहू शकतात. शिवणकाम करणारी टाचणी लावून ठेवते, तीही खूणच. कोड लिहिणाऱ्याने मुद्दाम एक चुकीची ओळ अर्धी सोडावी म्हणजे प्रोग्राम चालवताच तिथेच अडेल. वाचन सोडताना पान दुमडू नका, शेवटच्या वाक्याशेजारी मनात आलेला प्रश्न लिहा.

परत येण्याचीही एक रीत ठेवा. चिठ्ठी वाचायची, आधीची एक ओळ पुन्हा करायची आणि पुढचं पाऊल पुटपुटायचं: "आता मागच्या महिन्याची क्रेडिट नोट शोधते." वेडेपणा वाटेल. पण रेल्वेत हे रोज चालतं. लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहाय्यक पुढच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून उच्चारायची पद्धतच आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ सालच्या चाचणीत बोट दाखवून उच्चारल्यावर चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. ऑफिसात मोठ्याने बोलणं अवघड वाटलं तर ओठ हलले तरी पुरे.

तुम्ही ऐकलं असेल की एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं लागतात. त्याचा अर्थ मेंदू २३ मिनिटं बधिर असतो असा नाही. मार्क यांच्या निरीक्षणात असं दिसलं की काम तुटल्यावर माणूस मधे सरासरी आणखी दोन कामांकडे वळतो आणि मग मूळ कामाला येतो, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं जातात. फोन ठेवला की हात आपोआप मेलकडे जातो, मेलमधून पोर्टलकडे. टेबलावर चिठ्ठी दिसत असली की या मधल्या दोन चकरा वाचतात.

संध्याकाळी निघताना याचीच मोठी आवृत्ती करा. उद्याचं पहिलं काम आणि त्याची पहिली हालचाल लिहून मगच कॉम्प्युटर बंद. अपुरं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की घोळणं थांबतं, असं मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ साली दाखवलं. घरी जाताना ठाण्यापर्यंत मनातल्या मनात साहेबांशी भांडण चालू असेल, तर ही दोन मिनिटं वसूल होतात.

पायरी ४: फोनची व्यवस्था

फोन फेकून द्या, बटणांचा घ्या, असं मी सांगणार नाही. यूपीआय, लोकलचं तिकीट, शाळेची सूचना, सोसायटीचं पाणी कधी जाणार, सगळं त्यातच आहे. पण फोनने कधी बोलवायचं हे तुम्ही ठरवा.

एकदाच अर्धा तास बसून सेटिंग्जमधून नोटिफिकेशन्स बंद करा. फक्त माणसाचा थेट फोन, ओटीपी आणि बँकेचा एसएमएस यांना आवाज ठेवा. खरेदी, जेवण, बातम्या, खेळ, गाडी बुकिंग यांच्या सवलतींच्या घंटा पूर्ण बंद. व्हॉट्सॲपचे ग्रुप 'नेहमीसाठी' म्यूट करा. कुणी तुमचं नाव घालून बोलावलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर ते तरीही कळतं, त्यामुळे काही बुडत नाही. 'शुभ सकाळ'वाले ग्रुप अर्काइव्हमध्ये. ग्रुप सोडायची गरज नाही, सोडल्यावर मामेबहिणीला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

'डू नॉट डिस्टर्ब' लावायला लोक घाबरतात, कारण घरी कुणी आजारी असतं. त्यात निवडक नंबर चालू ठेवायची सोय आहे. शिवाय तोच माणूस लगेच पुन्हा फोन करत असेल तर दुसरा कॉल वाजू द्यायचा पर्यायही आहे. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत, आयफोनवर तीन मिनिटांच्या आत. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा.

कर्ज आणि क्रेडिट कार्डवाल्यांसाठी १९०९ वर फोन किंवा एसएमएस करून व्यापारी कॉल बंद करून घ्या, ओटीपी त्याने अडत नाहीत. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा समजून खुशाल कापा. बँकांच्या कामाच्या कॉलसाठी आता १६०० ची मालिका आहे.

मेसेज बघायच्या वेळा ठरवा. सगळं पूर्ण बंद करणं टिकत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींच्या नोटिफिकेशन्स दिवसातून तीनदा एकगठ्ठा दिल्या, काहींच्या पूर्ण थांबवल्या. तीनदावाल्यांना लक्ष लागणं, मनःस्थिती, सगळंच बरं वाटलं. पूर्ण थांबवलेल्यांची काळजी उलट वाढली, आपल्याला काही कळायचं राहून गेलं असं वाटून. मुंबईच्या दिवसात तीन वेळा सहज बसतात: ऑफिसला पोचल्यावर, जेवणानंतर, निघायच्या आधी. ज्यांचं कामच व्हॉट्सॲपवर चालतं त्यांनी तासाला एकदा बघावं. तेही दर दोन मिनिटांनी बघण्यापेक्षा खूप बरं.

आणि डोक्याचं काम करताना फोन टेबलावर पालथा ठेवू नका, हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवा. २०१७ साली एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी असं दाखवलं की बंद फोन नुसता शेजारी असला तरी विचारशक्ती थोडी कमी पडते. नंतर इतरांना हा परिणाम प्रत्येक वेळी सापडला नाही, त्यामुळे त्याचं स्तोम नको. पण 'मी'च्या नोंदी कमी करायला फ्रिजवर ठेवलेला फोन मदत करतोच, कारण तिथपर्यंत उठून जावं लागतं.

पायरी ५: माणसांशी आधीच बोला

अडथळा आणणारा माणूस समोर उभा राहिल्यावर नाही म्हणणं आपल्याकडे जमत नाही. म्हणून आधी बोलायचं. साहेबांना "मला डिस्टर्ब करू नका" म्हणायची सोय नाही. पण "सर, साडेअकरापर्यंत शहांचं रिकन्सिलिएशन संपवते, मग तुमचं घेऊ का?" याला बहुतेक साहेब हो म्हणतात. वाक्यात काम, वेळ आणि पुढचा शब्द तिन्ही हवेत. "जरा दोनच मिनिटं" म्हणत येणाऱ्या सहकाऱ्याला: "ही ओळ संपवतो, बस." त्या अर्ध्या मिनिटात चिठ्ठी लिहून होते.

घरी दार नसेल तर वेळ ठरवा. "पाऊण तास मी या खुर्चीत असेन तोवर भांडण आणि भूक सोडून काही विचारू नका" हा करार दहा वर्षांच्या मुलालाही कळतो. पाऊण तासाने खरंच उठून त्याच्याकडे जायचं मात्र, नाहीतर करार दुसऱ्या दिवशी मोडतो. सासूबाईंना खुर्चीचा नियम सांगणं अवघड वाटलं तर त्यांच्या मालिकेच्या वेळेला तुमचा तास ठेवा.

दहावी-बारावीच्या मुलांना एका खोलीत टीव्हीसमोर अभ्यास करायला लावून "याचं लक्षच नसतं" म्हणणं हा अन्याय आहे. वस्तीतली मंडळं आणि संस्था चालवत असलेल्या अभ्यासिका त्यासाठीच आहेत, चौकशी करा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झालेलं आहे. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीत तर मागे बागही आहे. शेजारी पन्नास माणसं मान खाली घालून वाचत असली की फोनकडे जाणारा हात स्वतःच संकोचतो.

पायरी ६: लोकलमधला वेळ

बसायला मिळालं तर मध्य रेल्वेवर कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत तासाभराचा सलग वेळ मिळतो. ऑफिसात तेवढा अखंड क्वचितच मिळत असेल. उभं राहायचं असेल तर डोक्याचं काम धरू नका. ठाण्याला उतरणाऱ्यांच्या रेट्यात पीडीएफ वाचणारा माणूस फोनही सांभाळत नाही आणि खिसाही. तेव्हा ऐका, नाहीतर नुसते उभे राहा. नुसतं उभं राहणं हा डोक्याचा विसावाच आहे, वेळ वाया गेला असं नाही. बसलात तर वाचायचं आधीच डाऊनलोड करून नेटवर्क बंद करा, कारण रेंज येत-जात राहिली की मन पानावरून सुटून डाव्या-उजव्या बाजूला धावतं. कागदी पुस्तक तर उत्तमच.

प्लॅटफॉर्मवर आणि जिन्यात इअरफोन काढा. रूळ ओलांडायचा प्रश्नच येत नाही.

पायरी ७: टप्पा वाढवा

नोंदीच्या कागदावरून तुमचा सध्याचा अखंड टप्पा किती ते दिसेल. बारा मिनिटं असेल तर पंधरापासून सुरू करा, थेट दोन तासांचा संकल्प करू नका. आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रडारवर बसणाऱ्यांसारखं टक लावून बघायचं काम दिलं, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासानंतरच नजर चुकायला लागली. तेव्हा एकसुरी कामात पंचवीस-तीस मिनिटांनी थांबणं हा कमकुवतपणा नाही. लिहिणं किंवा हिशेब यांत गोडी लागली असेल तर घड्याळाकडे बघून स्वतःला उठवू नका.

थांबणं म्हणजे रील नाही. रील बघून डोकं पुन्हा नव्या गोष्टीत गुंततं आणि परत येणं लांबतं. फोन टेबलावर सोडून खाली टपरीवर कटिंग घ्या, खिडकीतून रस्ता बघा, जिना चढून या.

इतकं करूनही जमत नसेल तर

आधी झोप बघा. रात्री बारापर्यंत ओटीटी आणि पहाटे पाचला पाणी भरायला उठणं असेल, तर वरच्या कुठल्याही पायरीचा फार उपयोग नाही. एक तास लवकर झोपलात तर चिठ्ठ्या कमी लागतील. घरात आजारपण, कर्ज, मुलाचं लग्न असं काही चालू असेल तर लक्ष तिकडे जाणारच. त्या दिवसांत फक्त हाताची कामं ठरवा आणि डोक्याचं एकच.

पण शाळेपासूनच वस्तू हरवणं, सांगितलेलं विसरणं, रांगेत किंवा मीटिंगमध्ये बसणं असह्य होणं, आणि त्यापायी नोकऱ्या नाहीतर नाती तुटणं असं चालत आलं असेल, तर तो एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार असू शकतो. तो मोठ्यांनाही असतो आणि त्यावर उपचार आहेत. निदान मनोविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्या, इन्स्टाग्रामवरच्या चाचणीवरून नको. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर बरोबर न्या, "हुशार आहे पण लक्ष नसतं" हा शेरा तिथे कामाला येतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.